फ्लाय फिशिंगचा टॅटू: मासा काढावा की फ्लाय, आणि केवढा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तुम्हाला कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागावर, आतल्या बाजूस, साधारण 6 सेंटीमीटरचा टॅटू हवा आहे. त्यात पाण्यातून उसळून फ्लाय (हुकवर पिसे, केस आणि धागा गुंडाळून केलेला बनावट किडा) घेणारा ब्राउन ट्राउट मासा, मागे डोंगर, हवेत वळसे घेणारी लाइन (फ्लाय फेकण्याची जाड दोरी), फ्लायचे नाव आणि तुमच्या आवडत्या नदीचे अक्षांश-रेखांश असावेत, आणि हे सर्व एका सुईच्या बारीक रेषांत व्हावे, अशी तुमची इच्छा आहे. एका कलाकाराने लगेच होकार दिला. दुसरी कलाकार म्हणते की आकार निदान दुप्पट करा किंवा निम्म्या गोष्टी काढून टाका. हंगाम तीन आठवड्यांवर आला आहे आणि त्याआधी टॅटू व्हावा असे तुम्हाला वाटते.

मी टॅटूचे काम करतो आणि सवड मिळेल तेव्हा फ्लाय रॉड घेऊन पाण्यात उभा राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकेन. माझ्या मते दुसरी कलाकार बरोबर सांगत आहे. मात्र खरा प्रश्न आकाराचा नाही. फ्लाय फिशिंग हा सगळाच बारकाव्यांचा छंद आहे. केसाएवढा टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा बारीक धागा), नखाएवढा हुक आणि त्यावर पिसाचे सुटे तंतू असा हा मामला. त्वचा मात्र बारकावा फार काळ जपत नाही. तेव्हा या छंदातला कोणता बारकावा त्वचेवर टिकेल आणि कोणता पहिल्यापासूनच सोडून द्यावा, हे आधी ठरवायला हवे.

त्वचेत काय घडते ते थोडक्यात सांगतो. सुई शाई त्वचेच्या वरच्या थराखालील थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल, सोडते. वरचा थर सतत झडून नवा येत असतो, म्हणून तिथे राहिलेली शाई निघून जाते. खालच्या थरातील शाईचे कण शरीरातील भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी उचलतात. ही देवाणघेवाण आयुष्यभर चालते आणि तिच्यात प्रत्येक रेषा थोडी रुंद व मऊ होत जाते. आज स्पष्ट दिसणाऱ्या दोन समांतर रेषांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर असेल, तर काही वर्षांनी तिथे एकच करडा पट्टा दिसेल. रेषा किती पसरेल हे तुमची त्वचा, ऊन, कलाकाराचा हात आणि टॅटूची जागा यांवर अवलंबून असते, त्यामुळे नेमके भाकीत कोणीही करू शकत नाही. पण पसरणारच नाही असे जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता तुमच्या रेखाटनाकडे येतो. 6 सेंटीमीटरमध्ये तुम्ही मासा, फ्लाय, लाइन, डोंगर, शब्द आणि आकडे बसवत आहात. त्यात माशाच्या वाट्याला फार तर साडेतीन सेंटीमीटर येतील आणि त्याच्या तोंडाजवळचा फ्लाय तांदळाच्या दाण्याएवढा होईल. ज्या गोष्टीवर तुमचे प्रेम आहे, तीच चित्रात सर्वांत लहान आणि सर्वांत आधी पुसट होणारी ठरते. म्हणून माझी सूचना अशी की मासा, डोंगर, शब्द हे सगळे बाजूला ठेवा आणि एकच फ्लाय 6 ते 7 सेंटीमीटर लांबीचा काढून घ्या. मासा कोणीही काढून घेतो, त्यासाठी फ्लाय रॉड हातात धरलेला असण्याचीही गरज नाही. तुम्ही स्वतः बांधलेला किंवा तुमच्या डबीतला नेहमी आधी संपणारा फ्लाय मात्र तुमचाच असतो, आणि पाण्यावर भेटलेला दुसरा माणूस तो पाहताक्षणी ओळखतो.

कोणता फ्लाय निवडावा यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सर्व फ्लाय त्वचेवर सारखे उतरत नाहीत. मी एक साधी चाचणी करतो. रेखाटन पूर्ण काळे भरायचे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहायचे. नुसत्या आकारावरून फ्लाय ओळखता आला, तर तो टॅटू म्हणून चालेल. या चाचणीत ॲडम्स उत्तम उतरतो. लिओनार्ड हॅलाडे यांनी 1922 मध्ये मिशिगनमध्ये आपल्या मित्रासाठी बांधलेला हा ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फ्लाय, आहे, आणि त्या मित्राचे आडनावच फ्लायला मिळाले. त्याची उभी पंखजोडी, करडे सुटसुटीत अंग आणि मागे ताठ शेपूट ही आकृती लांबूनही कळते. शिवाय त्याचे करडे-तपकिरी रंग जवळपास काळ्या शाईतच निभावतात. एल्क हेअर कॅडिस हाही चांगला आहे, कारण त्याच्या केसांचा पंख छपरासारखा उतरता असल्याने त्रिकोण आपोआप तयार होतो. फेझंट टेल निम्फ हा पाण्याखाली बुडणारा फ्लाय हातात धरला की मोहक वाटतो, पण काळ्या आकृतीत तो नुसता किडा दिसतो. वूली बगरचे तेच होते. त्याची शेपूट नीट हलती दाखवली नाही, तर लोक सुरवंट का गोंदवला असे विचारतात. एकोणिसाव्या शतकातले जॉक स्कॉटसारखे सॅमन फ्लाय मुळातच मोठे, रंगीत आणि जणू दाखवण्यासाठी बांधलेले असल्याने टॅटूला फार शोभतात. तुम्ही सॅमनच्या मागे कधी गेलाच नसाल, तर मात्र तो दुसऱ्याचा टॅटू होईल.

फ्लाय ठरला की कलाकाराकडे फोटो नेऊ नका, प्रत्यक्ष फ्लाय न्या, आणि शक्यतो वापरलेला न्या. नवा फ्लाय नीटनेटका असतो. दोन-चार माशांनी चावलेल्या फ्लायचे हॅकल, म्हणजे भोवतीचे पिसाचे तंतू, एका बाजूला बसलेले असते, अंगावरील धाग्याचा एखादा वेढा सुटलेला असतो, आणि तेवढ्याने चित्राला जिवंतपणा येतो. मी असा फ्लाय टेबलावरच्या चिमट्यात धरतो, मागे पांढरा कागद ठेवतो आणि सरळ बाजूने भिंगातून पाहत रेखाटतो. इथे पहिली अडचण हॅकलची येते. ड्राय फ्लायचे हॅकल म्हणजे कोंबड्याचे पीस हुकच्या दांड्याभोवती गुंडाळल्यावर चारी दिशांना उभे राहणारे तंतू. प्रत्यक्षात ते डझनांनी असतात आणि बाजूने पाहिले की एकमेकांवर चढतात. ते सर्व काढले तर वर्षा-दोन वर्षांत तिथे कापसाचा बोळा दिसेल. म्हणून मी वर-खाली मिळून दहा-बाराच तंतू काढतो, प्रत्येकाची लांबी थोडी वेगळी ठेवतो आणि टोकांमध्ये निदान दीड-दोन मिलिमीटर मोकळी त्वचा सोडतो. मुळाशी ते एकत्र येतात तिथे मात्र गडद शेडिंग देतो, म्हणजे बाकीचे तंतू पाहणारा मनानेच भरून घेतो. अंगावरील तारेचे वेढेही असेच. खऱ्या फ्लायवर सात असतील, तर त्वचेवर चार पुरतात.

हुकच्या बाबतीत कलाकाराला एक गोष्ट तुम्हीच सांगायला हवी. मासा सोडून देणारे पुष्कळ जण हुकचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतात. तुम्हीही तसे करत असाल, तर टॅटूतील हुकवरही काटा नको, त्या जागी फक्त बारीकसा उंचवटा हवा. कलाकाराला हे माहीत असण्याचे कारण नाही. तो सवयीने जाडजूड काटा काढेल आणि तुम्हाला तो दर वेळी खुपत राहील.

साधनांच्या चित्रात होणाऱ्या आणखी दोन चुका सांगतो, कारण तुमच्या मूळ रेखाटनात लाइन आहे आणि पुढे कदाचित रॉडही येईल. फ्लाय रॉडची रीळ कॉर्कच्या मुठीच्या मागे, रॉडच्या अगदी खालच्या टोकाशी, खाली लोंबते. फ्लाय रॉड कधी न हाताळलेला कलाकार हमखास स्पिनिंग रीळ काढतो किंवा रीळ मुठीच्या पुढे बसवतो. दुसरी चूक लाइनची. सुंदर दिसावी म्हणून लाइन स्वतःलाच ओलांडत गिरक्या घेताना दाखवली जाते. फेकणाऱ्याच्या दृष्टीने हा टेलिंग लूप असतो, म्हणजे ज्याने लीडरमध्ये (लाइन आणि टिपेट यांच्यामधल्या निमुळत्या धाग्यात) गाठी पडतात तो दोष. चांगली फेक आडव्या, अरुंद यू आकाराची असते आणि तिच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर धावतात. तुम्हाला लाइन हवीच असेल, तर हा एकच लूप फ्लायपासून कोपराच्या दिशेने जाऊ द्या. हाताच्या लांबीला तो छान जुळतो. लाइन जाड सुरू होऊन लीडरपाशी निमुळती व्हावी. टिपेटची शेवटची रेषा मात्र त्वचेला झेपेल इतपत जाड ठेवावी लागेल, इथे वास्तवाशी थोडी तडजोड आहे.

तरीही मासाच हवा, असे तुम्ही म्हणू शकता आणि त्यात गैर काही नाही. मग तो मोठा हवा, 12 ते 15 सेंटीमीटर, आणि जागा दंड, पोटरी किंवा मांडीची हवी. जात नीट ओळखता आली पाहिजे. ब्राउन ट्राउटच्या अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात, त्यांच्याभोवती फिकट वलये असतात आणि शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतात. शेपटीवर ठिपक्यांच्या रांगा आणि कुशीवर गुलाबी पट्टा आला की तो रेनबो झाला. ब्रूक ट्राउटच्या पाठीवर वळवळत्या नक्षीसारखी रेघोटी असते आणि पोटाखालच्या परांची पुढची कड पांढरी असते. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्यामधला छोटा मांसल पर विसरला जातो. तो नसेल तर ट्राउट ट्राउट राहत नाही.

ठिपक्यांभोवतीची वलये हीच ब्राउन ट्राउटच्या टॅटूची परीक्षा आहे. अनुभव कमी असलेला कलाकार ती पांढऱ्या शाईने काढतो. पांढरी शाई लवकर मंदावते, अनेकदा पिवळट पडते, आणि सावळ्या त्वचेवर तर अनेकदा लवकरच दिसेनाशी होते, कारण त्वचेचे स्वतःचे रंगद्रव्य शाईच्या वरच्या थरात असते आणि प्रत्येक रंग त्याच्या आडून दिसतो. योग्य पद्धत अशी की वलयाच्या जागी त्वचा कोरीच सोडायची आणि भोवतीचे शेडिंग तिथे येऊन थांबवायचे. त्वचा हाच सर्वांत टिकाऊ फिकट रंग आहे. याच कारणाने सावळ्या त्वचेवर मी फिकट पिवळा, गुलाबी, आकाशी यांच्या भानगडीत पडत नाही. काळा, गडद लाल आणि गडद हिरवा एवढ्यात पुरेसे काम होते.

लाल रंगाविषयी सावधगिरी सांगायलाच हवी. शाईच्या ॲलर्जीत लाल रंगाचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि त्रास कधीकधी काही महिन्यांनी सुरू होतो. तेवढाच भाग खाजतो, वर उचलला जातो. म्हणून आधी एक ठिपका देऊन पाहिला तरी पूर्ण खात्री मिळत नाही. पूर्वी कधी अशी प्रतिक्रिया आली असेल, तर लाल ठिपके तपकिरी करा. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध आणले आणि जानेवारी 2023 पासून सर्रास वापरली जाणारी एक निळी व एक हिरवी रंगद्रव्येही त्यात आली. तुम्ही कुठेही राहत असलात तरी कलाकाराला शाईचे नाव आणि बॅच क्रमांक विचारावा, आणि तो टिपून ठेवावा. पुढे त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे लागले तर तो उपयोगी पडतो.

आता हंगामाचा प्रश्न, ज्यावर मी सर्वांत ठाम आहे. तीन आठवड्यांनी पाण्यात उतरायचे असेल, तर आत्ता टॅटू करू नका. ताजा टॅटू ही उघडी जखम असते. वरची त्वचा जुळायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि आतून पूर्ण भरायला काही महिने जातात. त्या काळात शॉवरचे वाहते पाणी चालते, नदी, तळे किंवा समुद्र चालत नाही. मासे आणि पाणी यांच्याशी संबंधित एक जीवाणू, मायकोबॅक्टेरियम मरिनम, त्वचेच्या लहानशा चिरेतूनही शिरतो आणि महिनोन्‌महिने न बरे होणाऱ्या गाठी देतो. खाऱ्या आणि मचूळ पाण्यात त्याहून वाईट प्रकार असतात. 2017 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या नोंदीनुसार, टॅटूनंतर पाचच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेला, यकृताचा जुना आजार असलेला एक तरुण व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जीवाणूच्या संसर्गाने दगावला. असे क्वचितच घडते आणि त्याची प्रकृती आधीच नाजूक होती, हे खरे. तरीही ज्याचा छंदच पाण्यात उभे राहण्याचा आहे, त्याने हा धोका फुकट का पत्करावा? वर चिकटवायची पारदर्शक फिल्म हा यावरचा उपाय नाही. तिच्या कडेतून नदीचे पाणी आत शिरले, तर ते तिथेच अडकून राहते.

फक्त हात वर ठेवून मासेमारी करेन, असे पुष्कळ जण म्हणतात. मासा जाळीत आला की हात वर राहत नाही. शिवाय उन्हाचा प्रश्न आहेच. पाण्यावर ऊन वरून येते तसे पाण्यावरून परतूनही येते, आणि ताज्या टॅटूवर सनस्क्रीन लावता येत नाही, त्यामुळे सैल बाहीच घालावी लागते. पोटरीवर टॅटू केला, तर वेडर्सच्या (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटच्या) आत घाम आणि घर्षण यांची भर पडते. अनेक ठिकाणी ट्राउटचा हंगाम त्यांच्या विणीसाठी हिवाळ्यात बंद असतो. ऊन कमी, बाह्या लांब आणि नदीवर जाण्याचा मोह नाही, असा तोच काळ टॅटूसाठी सर्वांत सोयीचा. मधल्या काळात फ्लायचे रेखाटन पक्के करून त्याची प्रत आरशापाशी लावून ठेवा. हंगामभर पाहूनही ते आवडत राहिले, तर ते योग्य आहे. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, यकृताचा आजार किंवा जखमेवर जाड वण धरण्याची प्रवृत्ती असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. टॅटूनंतर लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला, तर कलाकाराला फोटो पाठवत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

जागेबद्दल तुमची निवड चांगली आहे. हाताच्या आतल्या बाजूस ऊन कमी लागते आणि त्वचा सपाट असते. मनगटाच्या सुरकुतीपासून मात्र निदान तीन बोटे अंतर ठेवा. बोटांवर किंवा तळहाताच्या कडेला छोटा फ्लाय काढण्याची टूम आहे, तिच्या नादी लागू नका. तिथली त्वचा लवकर झिजते, लाइन ओढताना घासते, आणि शाई ठिकठिकाणी सुटते. कित्येक जण हातावर मासा मोजण्यासाठी पट्टीच्या खुणा गोंदवून घेतात. ती गंमत म्हणून ठीक आहे, पण मनगट फिरवले की त्वचा पिळते आणि माशाची लांबी हाताच्या स्थितीप्रमाणे बदलते. काहींना तेच हवे असते.

राहिले शब्द आणि आकडे. फ्लाय नीट काढला असेल, तर त्याखाली नाव लिहिण्याची गरज उरत नाही. अक्षरे हवीच असतील, तर उंची 7-8 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. देवनागरीत क, फ, ष यांची बंद गोलाई आणि अनुस्वाराजवळची जागा आधी भरून येते. अक्षांश-रेखांशाचे आकडे तर बारीक काढले की 6, 8 आणि 9 यांतला फरक काही वर्षांत संपतो. शिवाय आपली आवडती जागा उघड्या हातावर लिहून फिरणारा मासेमार मला अजून उमगलेला नाही.

शेवटी दोन कलाकारांपैकी निवड. दोघांनाही एकच गोष्ट मागा: बारीक रेषांचे, भरून आलेले आणि निदान तीन-चार वर्षे जुने टॅटू, साध्या उजेडात काढलेल्या फोटोंसह. काम संपल्याच्या दिवशीचे चकचकीत फोटो सर्वांकडे असतात आणि त्यांवरून काहीच कळत नाही. पिसे, केस, गवत असे काही काढलेले असेल तर अधिक चांगले, कारण हॅकलची अडचण त्याच जातीची आहे. पहिल्या कलाकाराकडे असे जुने काम असेल आणि त्यातील रेषा अजून सुट्या दिसत असतील, तर माझे मत बाजूला ठेवून खुशाल त्याच्याकडे जा, फक्त डोंगर वगळायला सांगा. नसेल, तर दुसरीची पुढच्या हिवाळ्याची वेळ आत्ताच ठरवून टाका.